रिळांची राखण करणारी सारंगखेड्याची पोर

सारंगखेड्याची यात्रा म्हटली की डोळ्यांपुढे उभे राहतात ते घोडे. नंदुरबार जिल्ह्यातल्या शहादा तालुक्यातले, तापीच्या काठावरचे हे गाव. दत्तजयंतीला येथे एकमुखी दत्ताची यात्रा भरते आणि तिच्यासोबत घोड्यांचा मोठा बाजार. पंजाब, राजस्थान, गुजरातपासून व्यापारी येतात. अलीकडे तिला चेतक फेस्टिव्हल असे भारदस्त नावही मिळाले आहे. आम्ही काही दत्ताच्या दर्शनाला जाणाऱ्यांतले नव्हे, हे आमच्या वाचकांना सांगायला नकोच. पण यात्रा ही हातावर पोट असणाऱ्यांचीही असते. कोणी कपबशांचे दुकान लावतो, कोणी भजी तळतो, कोणी घोड्याच्या लगामाचे सामान विकतो. त्यांत आपली माणसेही असतात.

२०२५ साली दत्तजयंती ४ डिसेंबरला आली आणि दोनच दिवसांनी ६ डिसेंबर. प्रकृतीमुळे त्या वर्षी चैत्यभूमीला जाणे झाले नाही, म्हणून आम्ही सारंगखेड्याला एका जुन्या स्नेह्याकडे मुक्कामाला गेलो. स्नेही साखर कारखान्यात हंगामी कामगार. वहिनी अंगणवाडीत मदतनीस. घरात म्हातारी आई आणि दोन मुले. थोरली मुलगी पुण्याला शिकते एवढेच आम्हांला ठाऊक होते. काय शिकते असे विचारले की स्नेही हसून म्हणत, "फिल्मचं काहीतरी आहे." आमच्या मनात आले, पोरगी नटनट्यांच्या नादाला लागली की काय!

ती भेटली घोडेबाजारात. हातात वही, कानावर पेन्सिल, आणि नजर सारखी घोड्यांच्या पायांवर. आम्हांला पाहताच जयभीम घालून म्हणाली, "काका, घोडा चौखूर उधळतो तेव्हा त्याचे चारही पाय एकदम जमिनीवरून सुटतात का हो?"

आम्ही गप्प. आयुष्यभर घोडे पाहिले, पण हा विचार केला नव्हता.

मग तिनेच सांगितले. १८७८ साली अमेरिकेत कॅलिफोर्नियामध्ये मायब्रिज नावाच्या छायाचित्रकाराने हाच प्रश्न सोडवला. घोडा धावायचा त्या वाटेवर त्याने ओळीने कॅमेरे मांडले, आडवे दोरे बांधले. घोड्याच्या पायाने दोरा तुटला की कॅमेरा उघडे. त्या चित्रांत दिसून आले की एका क्षणी चारही पाय खरोखर अधांतरी असतात. मात्र चित्रकार दाखवीत तसे ते पुढेमागे ताणलेले नसून पोटाखाली गोळा झालेले असतात. ही चित्रे भराभर एकापुढे एक सरकवली की घोडा पळताना दिसे. चालत्या चित्राची म्हणजे सिनेमाची एक पायरी ती.

पिशवीतून तिने फिल्मची एक काळी पट्टी काढली. सोळा मिलिमीटरची, निकामी म्हणून टाकून दिलेली. उजेडाकडे धरली तर प्रत्येक चौकटीत सुईने कोरलेला इवलासा घोडा. चौकट करंगळीच्या नखाएवढी. एका फुटात अशा चाळीस चौकटी, आणि पडद्यावर एका सेकंदाला चोवीस लागतात. पाच सेकंदांच्या दौडीसाठी तिला एकशेवीस घोडे कोरावे लागले होते. "सत्त्याहत्तराव्याला सुई घसरली," ती म्हणाली, "तो घोडा लंगडतो. पण मी तसाच ठेवलाय."

असे उद्योग ती फावल्या वेळात करते. तिचे खरे शिक्षण मात्र जुनी फिल्म जतन करण्याचे आहे. तिचे नाव तिच्याच सांगण्यावरून येथे देत नाही.

आता वाचक विचारतील, फिल्म जतन करायला शिकायचे काय असते? डब्यात घालून कपाटात ठेवली की झाले. आम्हीही हेच विचारले. त्यावर तिने जे सांगितले ते ऐकून आम्ही थक्क झालो.

अगदी पूर्वीची फिल्म नायट्रेटची असे. साधारण १९५०-५१ पर्यंत ती वापरात होती. ती इतकी ज्वालाग्राही की एकदा पेटली तर पाण्यातही जळत राहते, कारण जळताना लागणारा प्राणवायू ती स्वतःच तयार करते. २००३ च्या जानेवारीत पुण्याला जुन्या प्रभात स्टुडिओच्या आवारातल्या नायट्रेटच्या साठ्याला आग लागली आणि अनेक जुन्या चित्रपटांची रिळे भस्मसात झाली. नायट्रेटनंतर अॅसिटेटची फिल्म आली. ती सहजासहजी पेटत नाही म्हणून तिला सेफ्टी फिल्म म्हणत. पण तिला दुसरा रोग. उष्णता आणि दमट हवा लागली की ती आतून नासते आणि डबा उघडला की व्हिनेगरचा आंबट वास येतो. पट्टी आक्रसते, वेडीवाकडी होते, शेवटी ठिसूळ होऊन तिचे तुकडे पडतात. एका डब्याची ही आंबट वाफ शेजारच्या चांगल्या डब्यालाही बिघडवते. टोपलीतल्या एका सडक्या कांद्यासारखेच ते.

आणि माणसांचा हलगर्जीपणा तर विचारूच नका. काळ्यापांढऱ्या फिल्ममध्ये चांदीचा अंश असतो. सिनेमा चालून गेला की जुनी रिळे चांदी काढणाऱ्याला विकून टाकायची रीत होती. १९३१ चा 'आलमआरा' हा आपल्या देशाचा पहिला बोलपट. त्याची एकही प्रत आज उपलब्ध नाही. १९१३ च्या 'राजा हरिश्चंद्र'च्या चार रिळांपैकी दोनच उरली. मूकपट हजाराहून अधिक झाले, पण आज पूर्ण असे सापडतात ते हाताच्या बोटांवर मोजण्याइतके.

ज्यांच्याकडे पैसा होता, स्टुडिओ होते, त्यांच्या चित्रपटांची ही कथा. मग आपल्या समाजाच्या चित्रणाचे काय झाले असेल?

७ डिसेंबर १९५६ चा दिवस आठवा. परमपूज्य बाबासाहेबांचे पार्थिव दिल्लीहून विमानाने मुंबईला आले. राजगृहापासून दादरच्या चौपाटीपर्यंत लाखोंचा जनसागर लोटला. ही अंत्ययात्रा फिल्मवर उतरवली नामदेव व्हटकर यांनी. व्हटकर हे अस्पृश्य समाजातून वर आलेले लेखक, नट, चित्रपटवाले. कोणी शेटजी त्यांच्या पाठीशी नव्हता. आपले होते नव्हते ते पणाला लावून त्यांनी कॅमेरा उभा केला. तेव्हा फिल्म फुटांवर विकत घ्यावी लागे. ३५ मिलिमीटरच्या फिल्मचे नव्वद फूट एका मिनिटात संपतात. हजार फूट म्हणजे अकरा मिनिटे. पैसा असा डोळ्यांदेखत सरसर वाहून जात असताना तो माणूस रडणाऱ्या गर्दीत उभा राहून चित्रण करीत होता. दरवर्षी ६ डिसेंबरला आपण ती दृश्ये पाहतो, हात जोडतो. ती कोणी टिपली हे किती घरांत ठाऊक आहे?

मुलीने ती दृश्ये पहिल्यांदा लहानपणी शेजारच्या टीव्हीवर पाहिली. सगळे बाबासाहेबांकडे पाहत होते आणि ती पाहत होती गर्दीतल्या बायकांकडे. तिने आजीला विचारले होते, "ह्या कोण गं?" आजी म्हणाली, "आपल्याच. पण नावं कोनाले माहीत?" तो प्रश्न तिच्या डोक्यात बसला तो बसलाच.

पुण्यात गेल्यावर तिला पी. के. नायर यांची गोष्ट कळली. नायर केरळचे, तिरुवनंतपुरमचे. लहानपणी सिनेमाची तिकिटे आणि वजनकाट्यातून पडणारी कार्डे जमवायचे. दिग्दर्शक व्हायचे म्हणून मुंबईला आले, मेहबूब खान, बिमल रॉय, हृषिकेश मुखर्जी यांच्यापाशी उमेदवारी केली. आपल्या अंगी दिग्दर्शन नाही हे त्यांनी वेळीच ओळखले. १९६१ साली ते पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये संशोधन सहायक म्हणून लागले. १९६४ मध्ये पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय सुरू झाले आणि पुढल्याच वर्षी नायर तेथे आले. १९९१ मध्ये निवृत्त होईपर्यंत त्यांनी सुमारे बारा हजार चित्रपट गोळा केले. फाळक्यांच्या कुटुंबीयांना गाठून त्यांची उरलीसुरली रिळे मिळवली. अंधारात चित्रपट पाहताना हातात टॉर्च आणि वही. कोणत्या रिळात काय आहे ते टिपून ठेवायचे. ४ मार्च २०१६ रोजी ते वारले. त्यांच्यावर शिवेंद्रसिंह डुंगरपूर यांनी २०१२ साली 'सेल्युलॉइड मॅन' हा माहितीपट केला. त्याच डुंगरपूर यांनी २०१४ मध्ये मुंबईत फिल्म हेरिटेज फाउंडेशन काढले आणि २०१५ पासून ही संस्था चित्रपट जतनाचे प्रशिक्षण वर्ग भरवू लागली. त्यांत परदेशातले जाणकार येऊन शिकवतात.

टॉर्च आणि वही. आमच्या ह्या पोरीला नायर यांचे तेच आवडले. दिग्दर्शक होता आले नाही म्हणून माणूस वाया जात नाही, असे ती म्हणते.

पण घरात हे सहज मान्य झाले असे समजू नका. स्नेह्यांची इच्छा पोरीने डी.एड. करावे किंवा पोलीस भरतीला बसावे अशी होती. त्यांचेही काही चुकले असे आम्ही म्हणणार नाही. ज्या घरात सहा महिने काम आणि सहा महिने वाट पाहणे असते, तेथे ठरलेल्या तारखेला येणाऱ्या पगाराचे मोल वेगळे असते. त्यात मुलीची पहिली उमेदवारी बिनपगारी निघाली. हल्ली तिला इंटर्नशिप म्हणतात. काम शिकायचे, राबायचे आणि खायचे घरचे! पुण्यासारख्या शहरात तीन महिने राहायचे कसे? वहिनींनी दोन शेळ्या विकल्या. मुलीने रात्री लग्नाच्या व्हिडिओंची कापाकापी करून खोलीभाडे भरले. खोली मिळवणे हेही एक प्रकरणच झाले. दोन ठिकाणी आडनाव सांगितल्यावर खोली "कालच गेली" होती. तिसऱ्या ठिकाणी मिळाली. ह्याविषयी ती जास्त बोलली नाही, आम्हीही खोदून विचारले नाही. आपल्या वाचकांतल्या कितीकांनी हा अनुभव घेतला असेल!

उमेदवारीत काय केले? पहिला महिनाभर नुसते डबे उघडले. गंजलेल्या लोखंडी डब्यातले रीळ काढायचे, वास घ्यायचा, प्रकृती लिहायची आणि प्लास्टिकच्या स्वच्छ डब्यात ठेवायचे. डॉक्टर केसपेपर लिहितो तसा रिळाचाही कागद असतो. किती फूट, कोठे फाटले, कडेची किती भोके तुटली, रंग उडाला का, बुरशी आहे का. हातात सुती मोजे. मग फाटलेल्या भोकांवर चिकटपट्टीचे ठिगळ लावायला शिकवले. एका ठिगळाला तिला पहिल्या दिवशी वीस मिनिटे लागली. तिथला म्हातारा कारागीर एवढेच म्हणाला, "गोधडी शिवतेस ना घरी? मग टाका जवळ घाल." त्या दिवसापासून हात बसला, असे ती सांगते.

दुसरी उमेदवारी मुंबईला, एका प्रयोगशाळेत. तेथे थोडेफार विद्यावेतन होते. यंत्रावर फिल्मची एकेक चौकट टिपली जाते आणि मग कॉम्प्युटरवर धूळ, ओरखडे काढायचे. एका मिनिटाच्या १४४० चौकटी. दिवसभर डोळे फोडून बसले तरी काम मुंगीच्या पावलाने. तेथे तिला एक गोष्ट मोठ्या कळकळीने शिकवली गेली: जास्त साफ करायचे नाही. पावसाच्या सरी ओरखडे समजून पुसल्या जातात, चेहऱ्यावरचे व्रण डाग समजून पुसले जातात. "कष्टकऱ्याच्या चेहऱ्यावरचे डाग पुसले तर तो मग कोणाचा चेहरा राहिला?" हे तिचेच शब्द.

येथे 'मंथन'ची गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. १९७६ चा श्याम बेनेगल यांचा हा चित्रपट. गुजरातच्या पाच लाख दूध उत्पादकांनी प्रत्येकी दोन रुपये दिले आणि तो उभा राहिला. दूध सोसायटीच्या कथेत गावातल्या दलितांचा प्रश्न त्यात रोखठोक येतो. नायिका स्मिता पाटील. त्यांचे घराणे शिरपूरचे, म्हणजे आपल्या ह्याच भागातले. त्या १९८६ साली गेल्या. चित्रपटाची मूळ निगेटिव्ह पुण्याच्या संग्रहालयात होती, तिला काळाने ग्रासले होते. फिल्म हेरिटेज फाउंडेशनने तिच्यावरून चित्र आणि आपल्याकडच्या दुसऱ्या प्रतीवरून आवाज घेऊन सारा चित्रपट पुन्हा नवा केला. मे २०२४ मध्ये तो फ्रान्समध्ये कान येथील महोत्सवात दाखवला गेला. दोन-दोन रुपयांची फिल्म सातासमुद्रापार गेली. ज्या फिल्मची कोणीतरी राखण केलेली असते, तिच्या वाट्यालाच हे भाग्य येते.

सुट्टीत घरी आल्यावर ही पोर स्वस्थ बसत नाही. तिचे प्रयोग पाहून आजी कपाळाला हात लावते. नासकी फिल्म ओळखण्यासाठी संग्रहालयांत निळ्या कागदाच्या पट्ट्या वापरतात. डब्यात पट्टी ठेवायची. आम्ल सुटलेले असेल तर ती आधी हिरवी, मग पिवळी होते. त्या पट्ट्या महाग. हिने शाळेतले विज्ञान आठवून जास्वंदीच्या फुलांच्या रसात कागद बुडवून वाळवले. आम्ल लागले की जास्वंदीचा रंग लाल होतो, हे खरेच. पण खानदेशच्या उन्हाळ्यात तो कागद नुसताच फिका पडला, डब्यातल्या आम्लाने की उन्हाने ते कळेना. प्रयोग फसला. तिने तो वहीत "फसला" असाच लिहून ठेवला आहे. आम्हांला हे फार आवडले.

दुसरा प्रयोग साधला. तिने चार ठिकाणी तापमापक ठेवले. पत्र्याखालच्या माळ्यावर, लोखंडी ट्रंकेत, खाटेखाली आणि शेजारच्या जुन्या धाब्याच्या घरात. मे महिनाभर सकाळ-दुपार-रात्र आकडे टिपले. पत्र्याखालचा माळा सगळ्यांत वाईट निघाला. दुपारी भट्टी, पहाटे गार. हे रोजचे चढउतारच फिल्मला आणि कॅसेटला जास्त मारतात. मातीच्या धाब्याखाली पारा फारसा हलला नाही. रंगीत फिल्मला खरे तर फ्रीजइतकी थंडी लागते, ती आपल्या घरात कोठून आणणार? पण माळ्यावरची पेटी खाली आणून आतल्या खोलीत, भिंतीपासून चार बोटे सोडून ठेवणे तर कोणालाही जमेल. आणि आपल्या घरांत जुन्या वस्तू जातात कोठे? माळ्यावरच!

आता मुख्य गोष्ट. आजीच्या ट्रंकेत पांढऱ्या लुगड्यात गुंडाळलेली एक व्हीएचएस कॅसेट होती. बाबासाहेबांच्या जन्मशताब्दीची, १४ एप्रिल १९९१ ची गावातली मिरवणूक. दोंडाईच्याच्या एका लग्नाच्या शूटिंगवाल्याला वर्गणी काढून बोलावले होते. त्यात आजोबा आहेत, पंचशीलाचा ध्वज धरलेले. आजोबा १९९७ मध्ये गेले. त्यांचे दुसरे चालतेबोलते चित्रण नाही. वाचकांना आठवत असेल, त्या काळी आपण टीव्ही आणि व्हीसीआर भाड्याने आणून रात्रभर सिनेमे पाहत असू. तेव्हा ही कॅसेट दोन-चारदा लावली गेली. मग व्हीसीआर गेले. २०१६ साली जपानच्या शेवटच्या कंपनीनेही ते बनवणे थांबवले.

शिकायला जाण्याआधी मुलीने एकदा कोणाचा तरी जुना व्हीसीआर आणून आत्याच्या लग्नाची कॅसेट त्यात घातली होती. यंत्राने फीत गिळली. ओढून काढताना हळद लागतानाचा भाग चुरगळला तो कायमचा. आत्या काही बोलली नाही, पण मुलगी अजून ते सांगताना खाली पाहते. म्हणून आजोबांच्या कॅसेटला तिने दोन वर्षे हातच लावला नाही.

मुंबईची उमेदवारी झाल्यावर हात लावला. खिडकीतून पाहिले तर फितीच्या कडेला पांढरी भुकटी. ती बुरशी. अशी कॅसेट कधीही यंत्रात घालू नये. यंत्राचे हेड खराब होते आणि पुढच्या कॅसेटलाही बुरशी लागते. तिने ती हवाबंद डब्यात, औषधांच्या व चपलांच्या खोक्यांत येणाऱ्या ओलावा शोषणाऱ्या पुड्यांसोबत आठ दिवस ठेवली. मग तोंडाला फडके बांधून अंगणात बसली. खालचे पाच स्क्रू काढून कॅसेट उघडली, आतली दोन्ही चाके तशीच उचलून एका कोऱ्या कॅसेटच्या खोक्यात बसवली. हाताने हळूहळू फीत फिरवत मऊ कोरड्या कापडातून काढली. चार संध्याकाळी गेल्या. पुण्याला नेऊन दुरुस्त केलेल्या व्हीसीआरवर ती एकदाच चालवली आणि त्याच वेळी कॉम्प्युटरमध्ये उतरवून घेतली. पाऊण तासाच्या मिरवणुकीपैकी वीसएक मिनिटे धड निघाली. बाकी नुसते निळे पट्टे आणि खरखर.

पण तिचे काम येथे संपले नाही, आणि आमच्या मते खरे काम येथून सुरू झाले. तिने एकेक दृश्य थांबवून त्याची छापील प्रत काढली, वहीत चिकटवली आणि आजीला घेऊन बसली. हा कोण? ही कोणाची सून? ढोल कोण वाजवतोय? बैलगाडीत बाबासाहेबांच्या तसबिरीशेजारी बसलेले बाळ कोणाचे? आजीला वाचता येत नाही. पण चेहरा पाहिला की नाव, माहेर, कोणत्या साली कोणाकडे सालदार होता, सारे घडाघडा सांगते. एकाहत्तर चेहऱ्यांपैकी त्रेपन्न नावे वहीत आली. संग्रहालयात हजारो डबे आहेत, मुलगी म्हणाली, पण गर्दीची नावे एकाही डब्यावर तिला दिसली नाहीत. यंत्र पुढच्या वर्षीही मिळेल. आजीचे वय आज त्र्याऐंशी आहे.

आम्ही विचारले, यात नोकरी लागेल का? तिने खोटी आशा दाखवली नाही. जागा थोड्या आहेत. सरकारी संग्रहालये, टीव्ही वाहिन्यांचे जुने साठे, जुनी फिल्म कॉम्प्युटरवर उतरवणाऱ्या कंपन्या, विद्यापीठे. कंत्राटी काम जास्त. पुण्याचे संग्रहालय आता राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळाच्या छत्राखाली आहे. ज्या मुलांना हातकाम, रसायनशास्त्र आणि चिकाटी ह्या तिन्हींची आवड असेल त्यांनीच ह्या वाटेला जावे, आणि अर्ज करताना शिष्यवृत्तीची चौकशी आधी करावी, असा तिचा सल्ला. बिनपगारी उमेदवारी गरिबाच्या मुलाला परवडत नाही, हे आमचे म्हणणे. बार्टीसारख्या संस्थेने अशा मुलांना विद्यावेतन द्यावे आणि गावोगावच्या विहारांतल्या, घरांतल्या कॅसेटी उतरवून घ्याव्यात. वामनदादा कर्डकांच्या कार्यक्रमांच्या हौसेने भरलेल्या ध्वनिफिती आजही किती ट्रंकांत पडून असतील!

६ डिसेंबरच्या संध्याकाळी विहारात त्रिसरण-पंचशील झाले, अभिवादन झाले. मग मुलीने भिंतीवर पांढरी चादर लावली. आधी सुईने कोरलेला घोडा धावला. पोरे खिदळली, सत्त्याहत्तरावा घोडा लंगडला तो कोणाच्या ध्यानातही आला नाही. आजी म्हणाली, "हाई काय शे?" आणि मग १९९१ ची मिरवणूक सुरू झाली.

विहारात एकदम शांतता पसरली. रात्रपाळीला जायचे म्हणून स्नेही दारापाशी उभे होते, ते तेथेच खाली बसले. ध्वज धरलेले आजोबा डावीकडून आले, कॅमेऱ्याकडे पाहून जरा लाजल्यासारखे हसले आणि पुढे गेले. सहा-सात सेकंदांचाच तो भाग. नंतर एकेक चेहऱ्यावर बायका ओरडू लागल्या. अगं, ती माझी माय! तो बघ दगडू! मुलगी चित्र थांबवी आणि टॉर्चच्या उजेडात वहीत नाव लिही. त्या रात्री अठरापैकी अकरा नावे मिळाली.

एक बाई काही केल्या कोणाला ओळखू येईना. डोक्यावर पाण्याचा हंडा, मिरवणुकीच्या कडेने चाललेली, तोंड अर्धे पदराआड. तीन वेळा तेवढा भाग लावला. पाण्याला निघालेली परगावची असेल, कोणी म्हणाले. कोणी म्हणाले, वरच्या आळीची असेल, उगीच पाहायला थांबली असेल. आजी बराच वेळ पाहत राहिली आणि म्हणाली, चालण्यावरून ओळखीची वाटते, पण नाव येत नाही. वहीत त्या चेहऱ्यापुढची ओळ मोकळी आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही आणि मुलगी एकाच एस.टी.ने दोंडाईच्याला निघालो. गाडी सुटायच्या आत दोन बाया धावत आल्या. एकीच्या हातात उशीच्या अभ्र्यात तीन कॅसेटी, दुसरीकडे बिस्किटांच्या पुड्यात एक. लेबले पुसलेली. मुलीने त्या उभ्या करून पिशवीत ठेवल्या, आडव्या नाहीत, आणि खिडकीतून विचारले, "ह्यात काय आहे, काकू?" काकू म्हणाली, "आमच्या भाऊचं भाषण असंल. नाहीतर जावळाचा कार्यक्रम. तूच पाह्य."